प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी आणि वीजबचत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर, तसंच लिनक्स आणि विंडोज धरून लिहिली आहेत. आज्ञा, फाइली आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीत टाइप करावीत.

फ्रिक्वेन्सी कमी केली की वीज का वाचते?

खरी बचत फ्रिक्वेन्सीतून नाही, व्होल्टेजमधून होते. चालू प्रोसेसर खात असलेली वीज ढोबळमानाने धारिता × व्होल्टेजचा वर्ग × फ्रिक्वेन्सी या हिशेबाने ठरते. एक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) ३.६ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्टवर चालतो आहे असं धरा. व्होल्टेज तेच ठेवून फ्रिक्वेन्सी १.८ वर आणली तर वीज निम्मी लागते, पण काम दुप्पट वेळ चालतं. म्हणजे त्या कामाची एकूण ऊर्जा होती तेवढीच राहिली. उलट १.८ गिगाहर्ट्झला ०.८ व्होल्ट पुरत असतील आणि व्होल्टेजही खाली आणलं, तर वीज मूळच्या सुमारे २२ टक्क्यांवर येते आणि दुप्पट वेळ धरूनही कामाची ऊर्जा ४४ टक्क्यांच्या आसपास बसते.

या हिशेबात गळती धरलेली नाही. ट्रान्झिस्टर काहीच करत नसतानाही थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि मेमरी, मदरबोर्ड, स्क्रीन हे सगळं तेवढा वेळ जागं राहतं. म्हणून फ्रिक्वेन्सी अगदी तळाला नेऊन ठेवणं फायद्याचं नसतं. एका मर्यादेनंतर व्होल्टेज आणखी उतरत नाही. त्याखाली फक्त वेळ वाया जातो.

पी-स्टेट, सी-स्टेट आणि टी-स्टेट यांत फरक काय?

पी-स्टेट म्हणजे काम चालू असतानाची फ्रिक्वेन्सी-व्होल्टेजची जोडी. सी-स्टेट म्हणजे काम नसताना कोअर किती गाढ झोपतो ते. सी० म्हणजे जागा, सी१ म्हणजे क्लॉक (कामाचा ठेका देणारे ठोके) थांबलेला, सी६ मध्ये तर कोअरची स्थिती बाजूला साठवून त्याची वीजच तोडली जाते.

टी-स्टेटचा बचतीशी संबंध नाही. त्यात क्लॉकचे काही ठोके गाळले जातात आणि व्होल्टेज तसंच राहतं. ही तापमान आवरण्याची आणीबाणीची सोय आहे. लिनक्समधला पी४-क्लॉकमॉड हा जुना ड्रायव्हर हेच करतो. तो लावून फ्रिक्वेन्सी कमी झालेली दिसते, मशीन रडतखडत चालतं, आणि बॅटरी काही जास्त टिकत नाही. तो वापरू नका.

माझ्या प्रोसेसरला सपोर्ट आहे हे कसं कळेल?

गेल्या दहा-पंधरा वर्षांतला जवळपास कुठलाही इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर असेल तर उत्तर ‘हो’ आहे. प्रश्न जुन्या मशीनचा असतो. इंटेलची स्पीडस्टेप ही वेग बदलण्याची सोय जानेवारी २००० मध्ये मोबाइल पेंटियम ३ बरोबर आली, पण तेव्हा दोनच वेग होते : एक चार्जरवरचा, एक बॅटरीवरचा. पेंटियम एम (२००३) मध्ये अनेक पायऱ्या आल्या. त्याच वर्षी एएमडीने ॲथलॉन ६४ मध्ये कूल-एन-क्वाएट ही तशीच सोय दिली. त्या काळच्या सेलेरॉन एम मध्ये मात्र स्पीडस्टेप बंद ठेवलेली असे. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर लावून उपयोग नाही.

लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ चालवा आणि फ्लॅग्जच्या (प्रोसेसरमधल्या सोयींच्या खुणांच्या) यादीत बघा. इंटेलवर ‘ईएसटी’ असेल तर पी-स्टेट आहेत. ‘एचडब्ल्यूपी’ असेल तर स्पीड शिफ्ट आहे, म्हणजे फ्रिक्वेन्सी प्रोसेसर स्वतः ठरवतो. ही सोय २०१५ च्या स्कायलेक या प्रोसेसर पिढीपासून आहे. एएमडीवर ‘एचडब्ल्यू_पीस्टेट’, ‘सीपीबी’ आणि नव्या मॉडेलवर ‘सीपीपीसी’ (फ्रिक्वेन्सी बारीक पायऱ्यांत ठरवण्याची सोय) शोधा. मात्र झेन २ पिढीच्या काही प्रोसेसरवर सीपीपीसी बायोसकडून (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरकडून) येणाऱ्या एसीपीआय तक्त्यातून मिळतं आणि फ्लॅग दिसत नाही, म्हणून नुसत्या फ्लॅगवरून ‘नाही’ म्हणू नका.

सपोर्ट आहे, तरी ‘सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो’ ही आज्ञा म्हणते की ड्रायव्हरच नाही. का?

बहुतेक वेळा घोळ बायोसमध्ये असतो. जुना एसीपीआय-सीपीयूफ्रीक ड्रायव्हर पी-स्टेटची यादी बायोसने दिलेल्या एसीपीआय तक्त्यातून वाचतो. बायोसमध्ये स्पीडस्टेप, कूल-एन-क्वाएट किंवा ‘पीएसएस सपोर्ट’ बंद असेल तर तो तक्ता कर्नलपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत) येतच नाही. एएमडीच्या बोर्डवर ‘सीपीपीसी’ नावाचा पर्याय वेगळा असतो. तो ‘ऑटो’वरून ‘एनेबल्ड’ करावा लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

सर्व्हरवर आणखी एक कारण असतं. तिथल्या बायोसमध्ये पॉवर प्रोफाइल असतं आणि ते ‘स्टॅटिक हाय परफॉर्मन्स’ किंवा फर्मवेअरच्या ताब्यात ठेवलेलं असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावता येत नाही. ‘ओएस कंट्रोल’ निवडा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

तुम्ही आभासी मशीनच्या आत असाल तर ड्रायव्हर न दिसणं अपेक्षितच आहे. फ्रिक्वेन्सीचा निर्णय होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, होतो, तिथेच बदला.

कुठला ड्रायव्हर चालू असायला हवा?

‘स्केलिंग_ड्रायव्हर’ ही फाइल वाचा. ती प्रत्येक कोअरच्या ‘सीपीयूफ्रीक’ फोल्डरमध्ये असते. सँडी ब्रिज पिढीपासून पुढच्या इंटेलवर ‘इंटेल_पीस्टेट’ दिसावा. हा ड्रायव्हर २०१३ मध्ये कर्नल ३.९ बरोबर आला. ‘इंटेल_सीपीयूफ्रीक’ दिसलं तर तोच ड्रायव्हर पॅसिव्ह पद्धतीने (फ्रिक्वेन्सीचा निर्णय कर्नलकडे सोडून) चालतो आहे. एएमडीच्या झेन २ आणि त्यानंतरच्या प्रोसेसरवर ‘एएमडी-पीस्टेट-ईपीपी’ हवा. सीपीपीसी फ्लॅग असलेल्या बहुतेक प्रोसेसरवर कर्नल ६.५ पासून तो आपोआप निवडला जातो, त्याआधी ६.३ किंवा ६.४ असेल तर बूट ओळीत (कर्नल सुरू करतानाच्या पर्यायांत) ‘एएमडी_पीस्टेट=ॲक्टिव्ह’ लिहावं लागतं.

एएमडीवर अजूनही एसीपीआय-सीपीयूफ्रीक दिसत असेल तर बदल करण्याइतका फरक पडतो. त्याला सहसा तीनच पायऱ्या दिसतात, तर सीपीपीसीमध्ये मधल्या जागाही बारकाईने वापरता येतात.

गव्हर्नर कुठला निवडू?

आधी ड्रायव्हर बघा, मग गव्हर्नर (फ्रिक्वेन्सी कशी ठरवायची त्याचा नियम), कारण एकाच नावाचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा आहे. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात.

एसीपीआय-सीपीयूफ्रीकवर ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे कोअर सर्वांत कमी फ्रिक्वेन्सीला खिळवून ठेवणं. मशीन कासवाच्या गतीने चालणार आणि बचतही फारशी नाही. पण इंटेल_पीस्टेट ॲक्टिव्ह असताना ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे लोडप्रमाणे वरखाली होणारा, रोजच्या वापराचा पर्याय. तिथे ‘पॉवरसेव्ह’ दिसलं म्हणून घाबरून ‘परफॉर्मन्स’ लावण्याची गरज नाही. ॲक्टिव्ह पद्धतीत हे दोनच गव्हर्नर मिळतात. ‘ऑनडिमांड’ हा जुना गव्हर्नर गायब झाल्याची तक्रार यामुळेच येते. त्यात बिघाड काही नाही.

जिथे पूर्ण यादी मिळते तिथे ‘शेडयूटिल’ घ्या. कर्नल ४.७ (२०१६) पासून तो आहे आणि कामांचं वेळापत्रक लावणाऱ्या शेड्युलरकडूनच लोडचा आकडा घेतो. त्याचं गणित सोपं आहे : हवी ती फ्रिक्वेन्सी = १.२५ × कमाल फ्रिक्वेन्सी × वापराचं प्रमाण. म्हणजे वापर ८० टक्क्यांवर गेला की तो पूर्ण फ्रिक्वेन्सी मागतो. ऑनडिमांड ठरावीक अंतराने नमुने घेऊन मागच्या लोडवरून निर्णय घेतो, म्हणून क्षणभराच्या कामाला उशिरा जागा होतो. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ त्याहून संथ. ‘युजरस्पेस’ फक्त चाचणीसाठी ठेवा.

मग नव्या प्रोसेसरवर बदलायचं काय? ईपीपी म्हणजे काय?

जिथे हार्डवेअर स्वतः निर्णय घेतं तिथे आपण फक्त कल सांगतो, आणि तो कल म्हणजे ईपीपी. ० ते २५५ असा आकडा : ० म्हणजे वेग हवा, २५५ म्हणजे बचत. लिनक्समध्ये त्याला नावं आहेत : परफॉर्मन्स (०), बॅलन्स_परफॉर्मन्स (सहसा १२८), बॅलन्स_पॉवर (१९२) आणि पॉवर (२५५). ‘एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स’ या फाइलमध्ये नाव लिहायचं, प्रत्येक कोअरसाठी, रूट अधिकाराने.

लिहिताना ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ अशी चूक आली तर गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर आहे. त्यात ईपीपी ० वर बांधलेला असतो. आधी गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’ करा, मग ईपीपी बदला. रीबूट झाला की सगळं मूळपदावर येतं, त्यामुळे कायमचा बदल पॉवर प्रोफाइल सांभाळणाऱ्या सेवेतूनच करावा.

बॅटरीवर ‘बॅलन्स_पॉवर’ हा आमच्या मते बहुतेकांसाठी योग्य मुक्काम आहे. ‘पॉवर’वर वेब पानं उघडताना अडखळणं जाणवू लागतं.

टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन दोन्ही लावले तर?

लावू नका. ही दोन्ही लिनक्सवर वीजबचत सांभाळणारी सॉफ्टवेअर आहेत. दोघेही त्याच ईपीपीच्या फाइली लिहितात. चार्जर काढला-लावला की जो शेवटी लिहील त्याचं चालतं, आणि सेटिंग टिकत नाही असं वाटत राहतं. ऑटो-सीपीयूफ्रीक आणि ट्यून्ड या तशाच सॉफ्टवेअरलाही हेच लागू. एक ठेवा, बाकीच्यांच्या सेवा बंद करून मास्क करा, म्हणजे त्या पुन्हा सुरू होणार नाहीत.

विंडोजमध्ये हे कुठे असतं?

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, प्लॅनची प्रगत सेटिंग, त्यात ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’. किमान स्थिती सहसा ५ टक्के आणि कमाल १०० टक्के असते. किमान १०० केली तर प्रोसेसर खाली उतरणं टाळतो. गेमिंगच्या सल्ल्यांत हे सापडतं, लॅपटॉपवर ते नुकसानच करतं. कमाल ९९ केली तर बहुतेक इंटेल मशीनवर टर्बो (मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय) बंद होतो. उन्हाळ्यात फॅनचा आवाज कमी करायला ही युक्ती चांगली आहे.

मशीन कशामुळे जागं राहतं ते बघायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘पॉवरसीएफजी /एनर्जी’ चालवा. ६० सेकंद मशीनला हात लावू नका, मग अहवालाची फाइल तयार होते.

लॅपटॉप ८०० किंवा ४०० मेगाहर्ट्झला अडकला आहे. काय करू?

गव्हर्नरशी खेळण्यात वेळ घालवू नका, कारण दोष सहसा तिथे नसतो. या क्रमाने तपासा.

पहिलं, चार्जर. अनेक लॅपटॉप चार्जरच्या मधल्या बारीक पिनवरून त्याची ओळख आणि वॅट वाचतात. पिन वाकली, वायर आतून तुटली किंवा चार्जर दुसऱ्या बनावटीचा असला की बोर्डाला वॅट कळत नाहीत आणि तो प्रोसेसरला दाबून ठेवतो. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा. वेग लगेच वाढला तर कारण सापडलं. पूर्ण निकामी बॅटरीमुळेही हेच होतं, म्हणून उलट चाचणीही करा : बॅटरी निघण्यासारखी असेल तर ती काढून फक्त चार्जरवर.

दुसरं, तापमान. लिनक्समध्ये ‘थर्मल_थ्रॉटल’ फोल्डरातली ‘पॅकेज_थ्रॉटल_काउंट’ ही फाइल दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचा. आकडा वाढत असेल तर प्रोसेसर खरोखर तापतो आहे : हीटसिंकच्या पात्यांत अडकलेली धूळ, थांबलेला फॅन, वाळलेली थर्मल पेस्ट. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ची ३७ क्रमांकाची नोंद शोधा, फर्मवेअरने वेग बांधला आहे असं ती सांगते.

तिसरं, मर्यादा. ‘स्केलिंग_मॅक्स_फ्रीक’ आणि ‘सीपीयूइन्फो_मॅक्स_फ्रीक’ हे आकडे जुळतात का? ते किलोहर्ट्झमध्ये असतात, ३५००००० म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झ. पहिला लहान असेल तर कुठल्या तरी सेवेने मर्यादा घातली आहे. ‘बायोस_लिमिट’ फाइल असेल आणि तिथला आकडा लहान असेल तर बायोसने घातली आहे.

तापमान ४५ अंश, मर्यादा ठीक, आणि तरी वेग तळाला? मग बीडी-प्रोकहॉटचा संशय घ्या. प्रोकहॉट ही प्रोसेसरची ‘मी तापलो’ सांगणारी तार. ती दुतर्फा असते, म्हणजे बोर्डावरचे इतर भागही ती ओढून प्रोसेसरला मंद करू शकतात. व्होल्टेज रेग्युलेटरचा सेन्सर बिघडला की ती कायमची ओढलेली राहते. विंडोजवर थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये बीडी-प्रोकहॉटसमोरची टिकेची खूण काढून ती बंद करता येते. लिनक्सवर ‘आरडीएमएसआर’ या आज्ञेने १एफसी (हेक्स) हे रजिस्टर वाचा, शेवटचा अंक विषम असेल तर सर्वांत खालचा बिट चालू आहे. बाकी काहीही न बदलता आकडा एकने कमी करून ‘डब्ल्यूआरएमएसआर’ने लिहा, सर्व कोअरवर. सिक्युअर बूट चालू असल्यास कर्नल हे लिहू देत नाही.

हा उपाय निदानासाठी वापरा. तार ओढणारा भाग खरोखरच तापत असेल तर तुम्ही त्याचं संरक्षण काढून घेतलं आहे आणि बोर्ड जळू शकतो. दुरुस्ती होईपर्यंत जड काम टाळा.

दाखवलेल्या फ्रिक्वेन्सीवर विश्वास ठेवू का?

एका क्षणाच्या आकड्यावर नको. रूट म्हणून ‘टर्बोस्टॅट’ चालवा आणि तीन रकाने एकत्र वाचा. ‘बिझी%’ म्हणजे कोअर किती वेळ जागा होता, ‘बीझीवाय_मेगाहर्ट्झ’ म्हणजे जागा असतानाची फ्रिक्वेन्सी, आणि ‘ॲव्हरेज_मेगाहर्ट्झ’ म्हणजे झोप धरून सरासरी. कोअर ३४०० वर पण फक्त २ टक्के वेळ जागा असेल तर सरासरी ६८ येते. असा कोअर ‘३४०० ला अडकलेला’ नाही. तो पटकन काम उरकून झोपतो आहे, आणि तेच हवं आहे. ‘पॅकेजवॅट’ रकाना प्रोसेसरचे वॅट देतो. सेटिंग बदलण्याआधी आणि नंतर तोच पाच-पाच मिनिटं बघा.

टर्बो बंद केल्याने किती फायदा?

बॅटरीवर चांगलाच, तोही लांबलचक जड कामात. टर्बोमधल्या वरच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज फार चढवावं लागतं आणि ते वर्गाने लागतं, हे पहिल्या उत्तरात आलं. लिनक्सवर इंटेल_पीस्टेटच्या फोल्डरात ‘नो_टर्बो’मध्ये १ लिहा, एसीपीआय-सीपीयूफ्रीकवर ‘बूस्ट’मध्ये ०. दोन्ही उलटे आहेत, घाईत गल्लत होते. लहानसहान कामांत मात्र टर्बो ठेवलेला बरा, कारण काम लवकर संपून सगळं मशीन झोपतं.

सी-स्टेट बंद करा असा सल्ला मिळतो. करावं का?

कारण ठाऊक असल्याशिवाय नाही. रिकाम्या मशीनची बहुतेक बचत इथेच होते. गाढ झोपेची किंमत जागं होण्याच्या वेळात मोजावी लागते. लिनक्सच्या इंटेल_आयडल ड्रायव्हरमध्ये स्कायलेकसाठी सी१ ला २ मायक्रोसेकंद, सी६ ला ८५ आणि सी१० ला ८९० मायक्रोसेकंद धरले आहेत. शिवाय निदान ५००० मायक्रोसेकंद झोप मिळणार असेल तरच सी१० परवडते.

ध्वनिमुद्रणात खरखर येत असेल किंवा नेटवर्कचा उशीर मायक्रोसेकंदांत मोजावा लागत असेल तर ही तक्रार खरी आहे. तरीही बूट ओळीत सी-स्टेट कायमचे तोडण्याऐवजी, त्या प्रोग्रामला ‘/डेव्ह/सीपीयू_डीएमए_लेटन्सी’ फाइल उघडून चालणारा उशीर मायक्रोसेकंदांत लिहू द्या. फाइल उघडी आहे तोवर कर्नल त्याहून गाढ झोप देत नाही. प्रोग्राम बंद झाला की बचत परत सुरू.

दोन ठिकाणी मात्र गोठण्याचा ज्ञात त्रास आहे. बे ट्रेल मालिकेतल्या ॲटम-सेलेरॉनवर जुन्या कर्नलमध्ये मशीन अचानक गोठायचं, ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा तिथला प्रचलित उतारा. पहिल्या पिढीच्या रायझनवर मशीन रिकामं असताना गोठत असेल तर बायोसमधलं ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘टिपिकल करंट आयडल’ करा. सगळे सी-स्टेट बंद करण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

सगळं बरोबर आहे, तरी रिकामा लॅपटॉप वीज खातो.

कोअर झोपले तरी संपूर्ण पॅकेज (सगळा प्रोसेसर) झोपेलच असं नाही. टर्बोस्टॅटमध्ये पॅकेज पीसी२ किंवा पीसी३ या उथळ झोपेच्या खाली जात नसेल तर एखादं उपकरण त्याला जागं ठेवतं आहे : पीसीआय लिंकची एएसपीएम (त्या लिंकची वीजबचत) बंद असलेलं कार्ड, वीजबचत बंद असलेली साटा डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड. ‘पॉवरटॉप’ या सॉफ्टवेअरमधली ‘ट्यूनेबल्स’ ही यादी एकेक ओळ चालू करत तपासा. तिथला ‘ऑटो-ट्यून’ एकदम लावला तर यूएसबी माउस दोन सेकंदांनी झोपतो आणि हलवल्यावर अडखळतो.

फ्रिक्वेन्सी सतत बदलल्याने प्रोसेसर खराब होतो का?

नाही. तो त्यासाठीच बनवलेला आहे. त्याला झिजवतं ते जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान.

अंडरव्होल्टिंग करू का?

अंडरव्होल्टिंग म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्यापेक्षा कमी व्होल्टेज देणं. बोर्डाने परवानगी दिली तर लॅपटॉपला फायदा होतो. पण डिसेंबर २०१९ मध्ये इंटेल प्रोसेसरमधली प्लंडरव्होल्ट ही सुरक्षात्रुटी उघड झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटनी अनेक इंटेल मशीनवर ही सोय बंद केली. जुना बायोस परत टाकून ती मिळवू नका. सोय असेल तर १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरा आणि प्रत्येक पायरीवर जड कामाबरोबर रिकामं मशीनही तासभर तपासा. बरेच अंडरव्होल्ट जड कामात टिकतात आणि फ्रिक्वेन्सी बदलताना कोसळतात.

रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक) मंद चालतो. गव्हर्नर बदलू?

आधी ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. उत्तरात ‘०एक्स’पुढे नुसतं ० असेल तर काही अडचण नाही. ५०००५ म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे आणि वेग दाबलेला आहे. ५०००० म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी तसं झालं होतं. पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ही नोंद होते. दोषी बहुधा बारीक यूएसबी केबल असते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा आणि जाड, आखूड केबल द्या. रिकामा असताना तो ६०० मेगाहर्ट्झ दाखवतो ते बरोबरच आहे. तापमान ८० अंशांवर गेलं की वेग कमी होऊ लागतो. तिथे साधा हीटसिंक बसवा, गव्हर्नर आहे तसा राहू द्या.